मत्स्यशोधक यंत्राच्या पडद्याचे वाचन : बीड जिल्ह्यातील जलाशयांच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड जिल्ह्याचे नाव घेतले की अवर्षण, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि टँकरची प्रतीक्षा हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. याच जिल्ह्यात मासेमारीवर उदरनिर्वाह करणारी कुटुंबे आहेत, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला तर नाहीच, पण आपल्या महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापकांनाही सहसा आठवत नाही. सिंदफणा नदीवर १९८७ मध्ये पूर्ण झालेले माजलगाव धरण, केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण, बीड शहराजवळचा बिंदुसरा प्रकल्प आणि गावोगावचे साठवण तलाव यांच्या काठी भोई समाजातील व इतरही मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकीत आले आहेत. पाण्यावरील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, बोटुकलीचा खर्च संस्थेचा आणि पाऊस न झाल्यास बुडीतही संस्थेचेच, असा हा व्यवसाय आहे.

अलीकडे या काठांवर मत्स्यशोधक यंत्र, म्हणजे बोलीभाषेत 'फिश फाइंडर', या वस्तूविषयी कुतूहल वाढलेले दिसते. तळहाताएवढ्या पडद्यावर रंगीत पट्टे, ठिपके आणि कमानी उमटतात व विक्रेता सांगतो की ही कमान म्हणजे मासा. प्रत्यक्षात त्या पडद्यावर माशाचे चित्र कधीच नसते. तेथे असते ती प्रतिध्वनीच्या आगमनाची नोंद. ही नोंद वाचावी कशी, ती कोठे फसविते आणि मराठवाड्यातील उथळ, गाळाच्या, दर दोन-चार वर्षांनी तळ गाठणाऱ्या जलाशयांत तिचा अर्थ कसा लावावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय भौतिकशास्त्राचा तेवढाच प्राणिशास्त्राचा आहे, आणि शेवटी तो अर्थशास्त्राच्या दारातही जातो.

ध्वनी, पाणी आणि वाताशय

पाण्यातील ध्वनीचा वेग मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग कोलाडाँ व स्टुर्म यांनी १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरात केला. पाण्याखाली घंटा वाजवून त्यांनी ८ अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदास सुमारे १,४३५ मीटर हा वेग काढला. आजचे मूल्य त्याच्या अगदी जवळ आहे. तापमान वाढले की हा वेग वाढतो. गोड्या पाण्यात २० अंशांना तो सुमारे १,४८२ आणि ३० अंशांना सुमारे १,५०९ मीटर असतो. म्हणजेच हिवाळ्यात व उन्हाळ्यात एकाच यंत्राने मोजलेल्या खोलीत दोन टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. दहा मीटरला हा फरक वीस सेंटिमीटर होतो. मासा शोधणाऱ्यास तो नगण्य, परंतु गाळाची जाडी मोजणाऱ्या भूगोलाच्या अभ्यासकास मात्र दुर्लक्षून चालणार नाही.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. पाण्यात बुडविलेला ट्रान्सड्यूसर विद्युत स्पंदनाचे रूपांतर श्राव्यातीत ध्वनीत करतो, तो ध्वनी खाली जातो, तळावरून अथवा मध्येच एखाद्या वस्तूवरून परततो आणि तोच ट्रान्सड्यूसर परतलेल्या ध्वनीचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करतो. जाण्या-येण्याच्या काळाला वेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. दहा मीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३ सहस्रांश सेकंदात परत येतो.

प्रतिध्वनी उमटतो तो दोन माध्यमांच्या ध्वनिरोधात फरक असेल तेव्हा. ध्वनिरोध म्हणजे घनता व ध्वनिवेग यांचा गुणाकार. बेसाल्टचा ध्वनिरोध पाण्याच्या सुमारे दहापट असल्याने त्यावर लंब पडलेल्या ध्वनिऊर्जेपैकी साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा परावर्तित होते. माशाच्या मांसाचा ध्वनिरोध मात्र पाण्याहून किंचितच अधिक आहे, त्यामुळे तेथून एका टक्क्याचाही अंश परतत नाही. मग मासा दिसतो कशामुळे? त्याच्या पोटातील वाताशयामुळे. वायू आणि पाणी यांच्या ध्वनिरोधात हजारो पटींचा फरक असल्यामुळे वायूने भरलेला तो लहानसा फुगा ध्वनीसाठी लखलखीत आरशासारखा ठरतो. फूट या संशोधकाने १९८० मध्ये दाखवून दिले की वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या वाताशयाचा असतो. थोडक्यात, पडद्यावर दिसते ती माशाच्या पोटातली हवा. ज्यांचा वाताशय लहान व हाडाच्या कवचात बंदिस्त असतो ती शिंगीसारखी मासळी याच कारणाने पडद्यावर तिच्या आकारमानाच्या मानाने फारच फिकी उमटते.

या ज्ञानाचा मासेमारीशी संबंध जोडला गेला तो विसाव्या शतकात. जपानमध्ये किमुरा यांनी १९२९ मध्ये मत्स्यतलावात ध्वनीने मासे ओळखण्याचा प्रयोग केला. नॉर्वेत सुंद यांनी १९३५ मध्ये लोफोटेनच्या समुद्रातील कॉड माशांच्या थव्याची प्रतिध्वनी-नोंद प्रसिद्ध केली. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना वापरता येईल असे यंत्र बाजारात आणले. समुद्रासाठी जन्मलेले हे साधन नंतर गोड्या पाण्याकडे वळले. समुद्राची सवय असलेल्या साधनाला माजलगावचे पाणी नवखे वाटावे, यात आश्चर्य नाही.

पडद्याचे दोन अक्ष

वाचनातील पहिली व सर्वांत मोठी चूक आडव्या अक्षाबाबत होते. पाहणाऱ्यास वाटते की पडदा म्हणजे होडीखालच्या पाण्याचा उभा छेद आहे, डावीकडे मागचे पाणी व उजवीकडे पुढचे. उभा अक्ष खोली दाखवितो, हे बरोबर. आडवा अक्ष मात्र अंतर दाखवीत नाही, तो काळ दाखवितो. उजव्या कडेची शेवटची उभी रेघ तेवढी 'आत्ता'ची आहे आणि तिच्या डावीकडे जे काही आहे तो भूतकाळ आहे. नाडीतज्ज्ञाच्या कागदावरील हृदयस्पंदनाच्या आलेखाप्रमाणे तो सरकत जातो. होडी नांगरून उभी असेल तर तोच तळ, तेच पाणी, पुन्हा पुन्हा छापले जाते. अशा वेळी खाली निश्चल असलेला एकच मासा पाच मिनिटांत पडदाभर लांब आडवी रेघ काढतो, आणि नवखा मनुष्य तिला दोन मीटर लांबीचा मासा समजतो! वर्गात हा मुद्दा सांगताना विद्यार्थी हसतात, परंतु पडद्यासमोर बसल्यावर तीच चूक करतात, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

कमान का उमटते, हे आता समजते. ट्रान्सड्यूसरमधून निघणारा ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. होडी पुढे सरकत असता मासा प्रथम शंकूच्या कडेवर येतो, तेव्हा त्याचे तिरके अंतर अधिक असते. मग तो बरोबर खाली येतो, तेव्हा अंतर किमान होते. दुसऱ्या कडेने बाहेर पडताना ते पुन्हा वाढते. अंतर खोली म्हणून छापले जात असल्याने मध्ये उंच व दोन्ही बाजूंना उतरती अशी कमान दिसते. माशाच्या देहाच्या वक्रतेशी तिचा काही संबंध नाही.

गणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. २०० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या अनेक यंत्रांत शंकूचा कोन सुमारे २० अंश असतो. दहा मीटर खोलीवर त्याचा व्यास सुमारे साडेतीन मीटर भरतो आणि कडेवरील तिरके अंतर १०.१५ मीटर येते. म्हणजे कमानीची उंची फक्त १५ सेंटिमीटर. कोन ६० अंश असेल तर व्यास साडेअकरा मीटर आणि कमानीची उंची दीड मीटर होते. मासा तोच, खोली तीच, केवळ शंकू बदलला. यावरून दोन गोष्टी निघतात. कमानीची लांबी-रुंदी माशाचे आकारमान सांगत नाही. आणि आपल्याकडील उथळ पाण्यात अरुंद शंकूने पाहिल्यास कमान बहुधा दिसतच नाही, छोटी आडवी फित अथवा ठिपका दिसतो. 'कमान नाही म्हणजे मासा नाही' हा परदेशी पुस्तिकांतून आलेला समज चार-पाच मीटर पाण्यात सरळ चुकीचा ठरतो.

माशाच्या आकाराचा काही अंदाज प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून, म्हणजे पट्ट्याच्या जाडीवरून व रंगावरून घेता येतो. माशाची लांबी दुप्पट झाली की परतणारी ऊर्जा साधारण चौपट होते. परंतु मासा थोडा तिरका झाला, अथवा शंकूच्या मध्याऐवजी कडेवर असला, तर तीव्रता याहूनही अधिक प्रमाणात घटते. म्हणून एका कमानीवरून वजन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अनेक यंत्रांत माशाचे छोटे चित्र दाखविण्याची सोय असते. ते चित्र यंत्रातील संगणकाने केलेला तर्क आहे. बुडबुडा, बाभळीची फांदी, तरंगता कचरा या सर्वांनाच तो मासा ठरवितो. वाचन शिकावयाचे असेल तर ही सोय प्रथम बंद करावी.

तळाचे वाचन

अनुभवी वाचक पडद्यावर आधी तळ पाहतो, मासा नंतर. कठीण तळाची रेघ बारीक व ठळक असते, आणि संवेदनशीलता पुरेशी ठेवल्यास दुप्पट खोलीवर तिचे दुसरे प्रतिबिंब दिसते. ध्वनी तळावरून पृष्ठभागापर्यंत आला, तेथून पुन्हा खाली गेला आणि परतला, असा त्याचा अर्थ. आपल्या भागात हे दृश्य खडकाळ वा मुरमाड जागी आढळावयास हवे. काळ्या मातीच्या गाळावर मात्र रेघ फिकी, जाड व खाली विरत जाणारी दिसते आणि दुसरे प्रतिबिंब उमटत नाही. उच्च वारंवारतेचा ध्वनी मऊ गाळाच्या माथ्यावरूनच परततो, तर कमी वारंवारतेचा ध्वनी काही अंतर आत शिरतो. दोहोंतील फरकावरून गाळाच्या थराचा अंदाज करतात. राज्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेच्या संदर्भात भूगोल विभागांनी या शक्यतेचा विचार करण्यासारखा आहे.

धरणाच्या पाण्याखाली जुने नदीपात्र, बांध, विहिरी आणि वठलेली झाडे असतात. झाड तळाला चिकटून उभे दिसते व त्याच्या फांद्या वर विस्कटतात. माशांचा थवा सहसा तळापासून सुटा असतो. गाळात कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन वायूचे बुडबुडे निघतात. ते सेकंदास सुमारे पाव मीटर वेगाने वर चढतात, त्यामुळे स्थिर होडीवरील पडद्यावर तळापासून पृष्ठभागापर्यंत एकसारख्या उताराच्या तिरप्या रेघा उमटतात. मासा इतक्या शिस्तीने वर चढत नाही. आधीच लावलेले कल्लाजाळे पाण्याच्या मध्यात एकाएकी उगवलेल्या उभ्या अस्पष्ट पडद्यासारखे दिसते. ते ओळखता येणे होडीवाल्याच्या सुरक्षिततेसाठीही महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या व्यक्तीचा शोध घेताना बचाव पथकातील एका जवानालाही प्राण गमवावा लागला. पाण्याखाली काय आहे हे न दिसणे किती महाग पडते, हे त्या वेळी जिल्ह्याने पाहिले.

दृष्टिआडची मासळी

आता मुख्य प्रश्न. हे यंत्र आपल्या जलाशयातील नेमकी कोणती मासळी दाखविते?

आपल्याकडे प्रामुख्याने कटला, रोहू व मृगळ या भारतीय प्रमुख कार्प जातींचे बीज सोडतात. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. यंत्राला पृष्ठभागाजवळ एक आंधळा पट्टा असतो. स्पंदन सोडल्यावर ट्रान्सड्यूसर क्षणभर स्वतःच थरथरत असतो, शिवाय वरच्या मीटरभर पाण्यात शंकूचा व्यास वीतभर-हातभरच असतो आणि होडीची चाहूल लागून मासे बाजूला सरतात. कटला त्यामुळे बव्हंशी निसटतो. दुसरा आंधळा पट्टा तळाशी आहे. वर काढलेल्या गणितानुसार ६० अंशांच्या शंकूत, दहा मीटर खोलीवर, कडेला असलेला मासा तळापासून सुमारे १.३ मीटर उंचीपर्यंत असला तरी त्याचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो. जुन्या नदीपात्राच्या उतारावर तर ही अडचण आणखी वाढते, कारण उताराच्या वरच्या कडेचा प्रतिध्वनी आधी येतो आणि पात्राच्या खोलगटात बसलेली मासळी त्याखाली झाकली जाते. म्हणजे मृगळही बराचसा अदृश्य. मरळ काठाच्या पाणवनस्पतींत राहते, तेथे होडीच पोचत नाही. उरला तो मधल्या थरातील रोहू. पडद्यावर जे दिसते ते जलाशयातील सर्व मासळीचे प्रातिनिधिक चित्र आहे असे मानून बोटुकलीचा हिशोब करणाऱ्या संस्थेने हे ध्यानात ठेवलेले बरे. तळाजवळ पाहावयाचे असल्यास अरुंद शंकू वापरावा, एवढाच यावर उपाय आहे. पृष्ठभागासाठी बाजूस पाहणारे यंत्र लागते.

वेळेचाही परिणाम होतो. दिवसा थव्याने राहणारे लहान मासे पडद्यावर ढगासारखे दिसतात आणि रात्री ते विखुरले की सुटे ठिपके होतात. जगातील अनेक तलावांत एका डाससदृश कीटकाच्या वायुकोश असलेल्या अळ्या संध्याकाळी तळातून वर चढतात व त्यांचा थर माशांच्या थव्याचा आभास निर्माण करतो. उन्हाळ्यात गरम व थंड पाण्याच्या सीमेवर क्वचित फिकी आडवी पट्टी दिसते. मात्र आपले जलाशय उथळ आणि वाऱ्याने ढवळले जाणारे असल्याने ही पट्टी परदेशी पुस्तकांत दाखवितात तशी स्पष्ट येथे मिळेलच असे नाही.

माशांना हा आवाज ऐकू येतो काय, असा प्रश्न मच्छीमार बांधव हमखास विचारतात. कार्प जातींची श्रवणशक्ती चांगली असली तरी ती काही हजार हर्ट्झपर्यंतच पोचते. दोन लक्ष हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यासाठी नसल्यातच जमा आहे. ते बिचकतात ते वल्ह्याच्या व इंजिनाच्या आवाजाने.

तराफ्यावरील अडचण

येथे एक व्यावहारिक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. आपल्या भागात पुष्कळ मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी लावतात. परदेशी पुस्तिकांत ट्रान्सड्यूसर होडीच्या आतील बाजूस तळाला चिकटविण्याची पद्धत सांगितलेली असते व भरीव फायबरच्या होडीत ती चालतेही. थर्माकोल म्हणजे बहुतांशी कोंडलेली हवा. ज्या कारणाने वाताशय ध्वनी परतवितो त्याच कारणाने थर्माकोल तो अडवितो. तराफ्यावर ट्रान्सड्यूसर बांबूला बांधून पाण्यात हातभर खाली, तराफ्याच्या कडेपासून दूर आणि अगदी उभा धरावा लागतो. तो कलला की शंकू कलतो आणि खोली जास्त दिसते. संवेदनशीलता यंत्रावर न सोपविता हाताने ठेवावी. पडद्यावर बारीक रवाळ ठिपके येऊ लागेपर्यंत ती वाढवावी व मग किंचित उतरवावी. गढूळ पावसाळी पाण्यात रवाळपणा अधिक येतो, तेव्हा वाचनाचा मोह आवरलेलाच चांगला.

मृत साठ्याचा प्रश्न

माजलगाव जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील उपयुक्त साठा ३१२ व मृत साठा १४२ दशलक्ष घनमीटर आहे. मांजरा जलाशयाचे आकडे अनुक्रमे सुमारे २२४, १७७ व ४७ असे आहेत. पाटबंधाऱ्याच्या परिभाषेत जो साठा मृत, तोच उन्हाळ्यात मासळीचा एकमेव जिवंत आसरा असतो, ही विसंगती मत्स्यव्यवसायाच्या चर्चेत फारशी मांडली जात नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ पासून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या पाण्याची बातमी देशभर गेली. धरणातील मासळीची बातमी कोणी दिली नाही.

अशा वर्षी पाणी आकसते, मासळी थोड्या डोहांत दाटते आणि मत्स्यशोधक यंत्र नेमके तेव्हाच सर्वाधिक उपयोगी, किंबहुना सर्वाधिक धोक्याचे ठरते. एरवी विस्तीर्ण पाण्यात मासा दिसला तरी तो जाळ्यात येईलच असे नसते. आकसलेल्या डोहात मात्र दिसला तो गेला. त्यातच प्रमुख कार्प जाती साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. मोठे, प्रजननक्षम मासे उन्हाळ्यात संपले तर पुढील पावसाळ्यात नदीमुखाकडे चढावयास कोणी उरत नाही आणि संस्थेला पुन्हा विकतच्या बोटुकलीवर अवलंबून राहावे लागते. यंत्र संस्थेच्या मालकीचे असेल आणि डोह कोठे आहेत हे सर्वांना ठाऊक असेल, तर त्यांपैकी एक-दोन डोह उन्हाळ्यापुरते राखून ठेवण्याचा निर्णय सभासद घेऊ शकतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून मासळी राखली गेली ती श्रद्धेने. तेच यंत्र एखाद्या बाहेरच्या खासगी व्यक्तीच्या हाती असेल तर मात्र डोह राखण्याऐवजी उपसले जाण्याचाच संभव अधिक. प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राच्या किमतीपेक्षा ते कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न मत्स्यसंस्थांच्या सभेत आधी यावयास हवा.

एक सोपा प्रयोग

भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांनी मिळून करावा असा एक अल्पखर्ची प्रयोग येथे सुचवितो. एकाच आकाराच्या दोन लहान प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. एक पाण्याने काठोकाठ भरून, दुसरी रिकामी ठेवून, दोन्हींची बुचे घट्ट लावावीत. प्रत्येकीखाली मीटरभर दोरीवर पुरेसे वजन बांधावे, म्हणजे वजनाचा प्रतिध्वनी निराळा दिसेल. स्थिर तराफ्यावरून, सात-आठ मीटर पाण्यात, ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली त्या आळीपाळीने पाच मीटरपर्यंत सोडाव्यात. हवेची बाटली ठळक रेघ काढील, पाण्याची बाटली फिकी दिसेल अथवा दिसणारही नाही. मग दोरी हळूहळू बाजूस नेत बाटली शंकूच्या कडेतून आत व पलीकडे बाहेर काढावी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातानेच पडद्यावर कमान तयार होईल. शेवटी बाटलीचे वजन तळाला टेकवून दोरी आखूड करीत जावी आणि बाटलीची रेघ तळाच्या रेघेत कोणत्या उंचीला विरघळते ते मोजून लिहावे. त्या उंचीखाली असलेला मृगळ त्या यंत्राला, त्या जागी, त्या दिवशी दिसणार नाही.